ओवी आधी, चित्रं नंतर : अ‍ॅनिमेटेड म्युझिक व्हिडिओ कसा बनतो आणि तो कसा पाहावा?

मोबाईलवर एखादं अ‍ॅनिमेटेड गाणं सुरू होतं. ढोलकीवर थाप पडते त्याच क्षणी पात्राचं पाऊल पडतं, ओळ संपते तिथेच फांदीवरचा पक्षी उडतो. पाहणाऱ्याला वाटतं, आधी चित्रं काढली असतील आणि मग त्यावर गाणं चढवलं असेल. प्रत्यक्षात बहुतेक वेळा उलटं घडतं. गाणं आधी तयार असतं. त्याचे ठोके मोजले जातात आणि मग त्या मापात चित्रं काढली जातात.

हे समजून घेण्यासाठी परभणी जिल्ह्यासारखी जागा शोधून सापडणार नाही. कारण इथे गाणं आहे, आवाजही जपलेला आहे, पण चित्र नाही, अशी मोठी ठेव आहे. ती म्हणजे जात्यावरच्या ओव्या. पिठाच्या गिरण्या आल्या, घरातली जाती बाजूला पडली आणि दळताना म्हटल्या जाणाऱ्या ओव्यांची जागाही गेली. आज त्यातल्या काही ध्वनिमुद्रणात ऐकता येतात, पण ज्या मुलांनी जातं फिरताना पाहिलेलंच नाही, त्यांना त्या ओवीची चाल अशी का आहे हे कळणार कसं? अ‍ॅनिमेशन इथे कामाला येऊ शकतं. मात्र त्यासाठी ते कसं चालतं हे आधी पाहावं लागेल.

अ‍ॅनिमेटेड म्युझिक व्हिडिओ म्हणजे नेमकं काय?

गाणं आणि त्यासाठी खास तयार केलेली हलती चित्रं, इतकी साधी व्याख्या पुरेशी आहे. चित्रं हाताने काढलेली असतील, संगणकावर घडवलेली असतील, कागद कापून सरकवलेली असतील किंवा मातीच्या बाहुल्या थोड्या थोड्या हलवून फोटो काढलेले असतील. या शेवटच्या पद्धतीला स्टॉप मोशन म्हणतात. आपल्याकडे ती नवी नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१५ मध्ये 'आगकाड्यांची मौज' हा आगकाड्या हलवून केलेला छोटा चित्रपट बनवला होता. १९३४ मध्ये पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने 'जंबूकाका' हा कार्टूनपट आणला.

परदेशात या प्रकाराला मोठी लोकप्रियता मिळाली ती १९८० च्या दशकात. नॉर्वेच्या 'आहा' या बँडच्या 'टेक ऑन मी' या १९८५ च्या व्हिडिओत आधी माणसांचं चित्रीकरण करून नंतर त्यावर पेन्सिलने फ्रेमगणिक रेखाटन केलं होतं. या पद्धतीला रोटोस्कोपिंग म्हणतात. पुढच्याच वर्षी आलेल्या पीटर गॅब्रिएल यांच्या 'स्लेजहॅमर'मध्ये स्टॉप मोशन वापरलं होतं. त्यासाठी गायकाला तासन् तास काचेखाली पडून राहावं लागलं.

याच नावाशी मिळताजुळता आणखी एक प्रकार आहे, तो म्हणजे एएमव्ही, अर्थात अ‍ॅनिमे म्युझिक व्हिडिओ. यात चाहते जपानी अ‍ॅनिमे मालिकांतली तयार दृश्यं कापून एखाद्या गाण्यावर नव्याने जोडतात. १९८२ मध्ये अमेरिकेतल्या जिम कपोस्टास या चाहत्याने दोन व्हीसीआर जोडून असा पहिला व्हिडिओ केल्याचं मानलं जातं. एएमव्हीमध्ये चित्रं स्वतः काढायची नसतात, पण कुठे कापायचं हे मात्र गाण्याच्या ठोक्यावरूनच ठरवावं लागतं. त्यामुळे ठोका ओळखण्याचा सराव म्हणून अनेकांची सुरुवात तिथून होते.

गाणं आधी का?

हिंदी-मराठी चित्रपटातलं गाणं कसं चित्रित होतं हे अनेकांना माहीत असतं. गाणं स्टुडिओत आधी रेकॉर्ड होतं, सेटवर ते मोठ्याने वाजवतात आणि कलाकार त्यावर ओठ हलवतात. अ‍ॅनिमेशनमध्ये हीच गोष्ट अधिक काटेकोर होते, कारण इथे पात्राला ताल आपोआप कळत नाही. त्याची पापणी कधी मिटेल हेसुद्धा कुणीतरी मोजून ठरवावं लागतं.

वॉल्ट डिस्ने यांच्या 'स्टीमबोट विली' या १९२८ च्या मिकी माऊसपटात हे मोजमाप मेट्रोनोमच्या, म्हणजे ठरावीक वेगाने टिकटिक करणाऱ्या यंत्राच्या मदतीने ठरवलं होतं. संगीत नंतर वाजवलं गेलं तरी सेकंदाला किती चित्रं आणि किती चित्रांमागे एक ठोका, हा हिशेब आधीच पक्का होता. त्यामुळे चित्र आणि आवाज जुळले.

भारतातलं सगळ्यात ओळखीचं उदाहरण १९७४ चं आहे. 'एक अनेक और एकता' ही फिल्म्स डिव्हिजनची छोटी फिल्म दूरदर्शनवर लागायची आणि दोन पिढ्यांना ती आजही आठवते. तिच्या दिग्दर्शिका विजया मुळे मुंबईत जन्मलेल्या, संगीतकार वसंत देसाई कोकणातले, तर अ‍ॅनिमेशन भीमसेन यांचं. पारध्याच्या जाळ्यासकट उडून जाणाऱ्या पक्ष्यांची ती गोष्ट गाण्यातून पुढे जाते. चित्रं अगदी साधी आहेत, हालचालीही मोजक्याच. तरी ती लक्षात राहते, कारण तिथली प्रत्येक हालचाल गाण्याच्या मागे चालते.

चित्राने गाण्यामागे चालायचं ही गोष्ट महाराष्ट्रात सिनेमाच्याही आधीची आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळच्या पिंगुळी गावातले ठाकर समाजाचे कलावंत चित्रकथी सादर करतात. कथा गाऊन सांगायची, तिच्यातल्या प्रसंगाचं चित्र समोर धरायचं आणि कथा पुढे सरकली की पुढचं चित्र काढायचं. पान कधी बदलायचं हे गाणारा ठरवतो. ही परंपरा जपणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

ठोक्यांचं आणि फ्रेमचं गणित काय आहे?

पडद्यावर हालचाल दिसते ती खरी हालचाल नसते. थोडी थोडी बदलणारी स्थिर चित्रं वेगाने समोरून जातात आणि मेंदू ती जोडून घेतो. यातलं प्रत्येक चित्र म्हणजे एक फ्रेम. सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम असतात. हाताने चित्रं काढणारे बहुतेक जण एक चित्र दोन फ्रेमसाठी वापरतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. डोळ्याला तेवढी पुरतात.

आता गाण्याचा वेग घ्या. तो मिनिटाला किती ठोके यावर मोजतात. मिनिटात २४ गुणिले ६०, म्हणजे १,४४० फ्रेम असतात. त्याला ठोक्यांच्या संख्येने भागलं की एका ठोक्याला किती फ्रेम ते कळतं. मिनिटाला १२० ठोक्यांचं गाणं असेल तर एका ठोक्याला १२ फ्रेम. ९० ठोक्यांचं असेल तर १६. ६० ठोक्यांचं संथ गाणं असेल तर २४. पात्राने प्रत्येक ठोक्याला एक पाऊल टाकायचं असेल, तर ९० च्या गाण्यात एक पाऊल १६ फ्रेममध्ये पूर्ण झालं पाहिजे. दोन फ्रेमला एक चित्र धरलं तर एका पावलाला आठ चित्रं लागतील.

हा सगळा हिशेब एका तक्त्यात लिहितात. त्याला एक्स-शीट म्हणतात. एका रकान्यात फ्रेमचा क्रमांक, शेजारी गाण्याचा शब्द किंवा ठोका आणि त्याच्या शेजारी त्या फ्रेमला कोणतं चित्र हे लिहिलेलं असतं. चित्र काढण्याआधीच अर्ध्याहून अधिक व्हिडिओ या कागदावर तयार होतो.

यात अनुभवी लोक एक बारीक गोष्ट पाळतात. हालचाल बरोबर ठोक्यावर ठेवण्याऐवजी एक-दोन फ्रेम आधी ठेवतात. लांबच्या बांधावर कुणी कुऱ्हाड चालवत असेल तर घाव आधी दिसतो आणि आवाज नंतर पोहोचतो. त्या क्रमाची डोळ्याला सवय असते. उलटं झालं, म्हणजे आवाज आधी आणि पाऊल नंतर पडलं, तर काय चुकलं ते सांगता येत नाही, पण खटकतं.

मग ओवीचं काय?

जात्यावरच्या ओव्यांचा मोठा संग्रह उभा केला तो पुण्यातले समाजशास्त्रज्ञ हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी. महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतल्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल यांच्यासोबत त्यातल्या काहींचं ध्वनिमुद्रण झालं. ते सुमारे १२० तासांचं आहे. परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा तालुक्यातलं ताडकळस हे त्यातलंच एक गाव. आता हा संग्रह 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया', म्हणजे 'परी'वर टप्प्याटप्प्याने ऐकायला मिळतो.

याच जिल्ह्यातलं गंगाखेड हे संत जनाबाईंचं गाव. जनाबाईंसोबत विठ्ठलाने दळण दळल्याची कथा घराघरांत सांगितली जाते. म्हणजे दळताना गाण्याचं चित्र मराठी मनात आधीपासून आहे. कमी आहे ती त्या चित्राच्या हालचालीची.

पण ओवीवर वरचं गणित जसंच्या तसं चालवलं तर ते फसतं. स्टुडिओत केलेल्या गाण्याचा वेग सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा असतो. ओवीचा तसा नसतो. दळणारी बाई दमते, हात बदलते, जात्याच्या तोंडात मूठभर ज्वारी टाकायला क्षणभर थांबते, एखाद्या शब्दावर आवाज लांबवते. ओवीची चाल हात आणि श्वास यांनी ठरते. तिला एकच वेग लावला की दोन ओळींतच चित्र आणि गाणं यांची फारकत होते.

काहींना यावर सोपा उपाय सुचतो. ओवीमागे तबला किंवा तयार ठेका टाकायचा आणि आवाज त्या वेगात ओढून बसवायचा. सॉफ्टवेअरमध्ये हे काही मिनिटांत होतं. पण मग दमण्याची, थांबण्याची, पुन्हा जोर लावण्याची जागा पुसली जाते. कष्टाचं गाणं उरत नाही. दुसरा उपाय कष्टाचा आहे, पण योग्य आहे. ध्वनिमुद्रण ऐकत जिथे आवाजाचा भार पडतो तिथे हाताने खूण करायची. ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आवाजाची लाट पडद्यावर दिसते, तिच्यावर अशा खुणा करता येतात. मग दोन खुणांमधलं अंतर फ्रेममध्ये मोजायचं. एका जागी ४८ फ्रेम येतील, पुढे ४२, नंतर ५४. एक्स-शीटमध्ये हेच आकडे भरायचे.

जातं आणि लूप

अ‍ॅनिमेशनमध्ये श्रम वाचवणारी एक युक्ती आहे. तिला लूप म्हणतात. चालण्याची आठ-दहा चित्रं एकदाच काढायची आणि तीच पुन्हा पुन्हा फिरवायची. शेवटच्या चित्रानंतर पहिलं चित्र सहज जुळलं पाहिजे, एवढीच अट. ही कल्पना सिनेमापेक्षाही जुनी आहे. १८३० च्या दशकात बेल्जियमचे शास्त्रज्ञ जोसेफ प्लॅटो यांनी एका गोल चकतीच्या कडेने क्रमाने बदलणारी चित्रं काढली. चकतीला बारीक फटी होत्या. ती आरशासमोर फिरवून फटीतून पाहिलं की चित्रं हलताना दिसत. चकती गोल असल्याने हालचाल संपतच नसे.

जातंही तसंच गोल फिरतं. त्यामुळे ओवीच्या व्हिडिओत लूप वापरणं ही पळवाट ठरत नाही, ते विषयाला धरूनच आहे. एका मिनिटाच्या ओवीसाठी प्रत्येक क्षणाचं वेगळं चित्र काढायचं तर ७२० चित्रं लागतील. जात्याचा एक फेरा दोन सेकंदांचा धरला तर त्याला २४ चित्रं पुरतात आणि मिनिटात तेच ३० वेळा फिरतात. ओवीचा वेग वाढला आणि फेरा ४२ फ्रेमचा झाला, तर २४ पैकी तीन चित्रं गाळायची. वेग मंदावून ५४ फ्रेम झाले, तर तीन चित्रं थोडी जास्त वेळ ठेवायची. हात त्याच जात्यावर राहतो, पण तो कधी जोर लावतो आणि कधी सैलावतो हे दिसू लागतं. बाकीची मेहनत मग ओवीत आलेल्या गोष्टींसाठी राखता येते, जसं की माहेरची वाट, भाऊ, लेक, पंढरपूर.

घरच्या साधनांत हे जमेल का?

जमेल. संगणक असेल तर ब्लेंडर, क्रिटा आणि ओपनटून्झ ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. नुसता मोबाईल असेल तर फ्लिपाक्लिपसारख्या अ‍ॅपवर बोटाने चित्रं काढता येतात. चित्रकला येत नसेल तरी अडत नाही. अमेरिकेत जन्मलेल्या कॅरोलाइन लीफ यांनी काचेवर वाळू पसरून, ती बोटाने सरकवत आणि प्रत्येक बदलाचा फोटो घेत फिल्म केल्या. त्याच पद्धतीने काळ्या पाटीवर किंवा ताटात ज्वारीचं पीठ पसरता येईल. मोबाईल वर पक्का बांधायचा, पिठात बोटाने रेघ ओढायची, फोटो घ्यायचा, रेघ थोडी पुढे न्यायची, पुन्हा फोटो. दळणाच्या गाण्याला पिठाचं चित्र शोभेलही.

या कामात दोन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली म्हणजे उजेड. खिडकीतलं ऊन तासाभरात सरकतं आणि चित्रं एकामागोमाग चालवली की पडदा लुकलुकतो. म्हणून खिडकी बंद करून एकाच दिव्याखाली काम करावं. दुसरी म्हणजे मोबाईलचा स्वयंचलित फोकस आणि प्रकाशमापन. हे दोन्ही आधीच लॉक करावं.

तयार पात्रं किंवा एआयची साधनं वापरणाऱ्यांनी वेगळी काळजी घ्यावी. अशा साधनांतून येणारं घर, चूल, साडी सगळीकडे सारखीच दिसते आणि जातं अनेकदा नुसता गोल दगड असतो. खुंटा कुठे बसवतात, दोघी दळायला बसल्या तर कशा बसतात, कुणाचा हात कुठे असतो, वरचा दगड कोणत्या बाजूला फिरतो, या प्रश्नांची उत्तरं गावातल्या एखाद्या आजीकडेच मिळतील. ती देणाऱ्या आज्या दरवर्षी कमी होत आहेत. व्हिडिओ करण्याआधी जातं फिरवून दाखवायला सांगणं आणि मोबाईलवर दोन मिनिटं चित्रित करणं, हे त्या व्हिडिओइतकंच मोलाचं काम आहे.

ओवी सगळ्यांची, मग परवानगी कशाला?

पारंपरिक ओवीचा कुणी एक कवी नसतो, त्यामुळे तिच्या शब्दांवर कुणाचा स्वामित्व हक्क सहसा नसतो. जनाबाईंचे अभंगही त्या हक्काच्या मुदतीपलीकडचे आहेत. पण शब्द वेगळे आणि ध्वनिमुद्रण वेगळं. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं टिकतो. गाणाऱ्या व्यक्तीलाही आपल्या सादरीकरणावर ५० वर्षं हक्क असतात. अभंगाला एखाद्या आधुनिक संगीतकाराने लावलेली चाल हीसुद्धा स्वतंत्र निर्मिती असते. त्यामुळे एखादा संग्रह ऐकायला खुला आहे म्हणून तो व्हिडिओत वापरायलाही खुला आहे असं होत नाही. परवानगी मागावीच लागते.

२०१२ च्या दुरुस्तीने कायद्यात आणखी एक गोष्ट आली. कलाकार म्हणून आपलं नाव दिलं जावं आणि आपल्या सादरीकरणाची प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड होऊ नये, हा गाणाऱ्याचा नैतिक हक्क मानला गेला. जात्यावर गाणाऱ्या बायकांची नावं पिढ्यान् पिढ्या कुणी लिहिली नाहीत. राईरकर आणि प्वातवाँ यांच्या संग्रहाचं मोठेपण हेही आहे की त्यात ओवीसोबत गाणारीचं आणि गावाचं नाव नोंदवलेलं आहे. व्हिडिओत खाली फक्त 'पारंपरिक' असं लिहिलं की ती नोंद पुन्हा पुसली जाते.

घरातल्या आजीचा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करायचा असेल तर तिलाही आधी सांगावं, की हे कुठे दिसणार आहे, कोण पाहणार आहे. काही ओव्या सासरच्या जाचाच्या असतात, एकटेपणाच्या असतात. त्या जात्यापाशी, पहाटेच्या अंधारात, आपल्याच माणसांत म्हटलेल्या असतात. त्यातली कोणती चारचौघांत न्यायची हे तिने ठरवावं.

असा व्हिडिओ पाहावा कसा?

आवडणं न आवडणं हे प्रत्येकाचं असतं, पण अधिक बारकाईने पाहायचं तर एक सोपी रीत आहे. तोच व्हिडिओ तीनदा पाहावा. पहिल्यांदा डोळे मिटून नुसता ऐकावा. दुसऱ्यांदा आवाज बंद करून पाहावा. नुसत्या हालचालीवरून ताल जाणवला तर काम करणाऱ्याने गाणं नीट ऐकलं आहे असं समजावं. तिसऱ्यांदा दोन्ही एकत्र घ्यावं.

मग काही प्रश्न विचारता येतात. शब्दात जे आलं तेच चित्रात दाखवलं आहे का? गाण्यात 'चिमणी' आली की चिमणी, 'झाड' आलं की झाड, असं करणारा व्हिडिओ लहान मुलांना शब्द शिकवायला बरा. पण चांगला व्हिडिओ गाण्यात न बोललेलं काहीतरी दाखवतो. ओवीत भावाची वाट पाहणं असेल आणि चित्रात रिकाम्या रस्त्यावर फक्त ऊन सरकत असेल, तर ऐकणाऱ्याला ती वाट अधिक लांब वाटते. पुढचा प्रश्न, लूप खटकतो का? खटकत असेल तर तो कंटाळवाणा आहे, की दळणाचा कंटाळाच तिथे दाखवायचा आहे? आणि शेवटचा, श्रेयनामावलीत गाणारीचं नाव आहे का?

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल, तर कमेंटमध्ये तेवढं एकच विचारावं. कोण गायलं आहे आणि कुठल्या गावची?